‘पूर्ण बरे झाले’ या रकान्यात न बसणारी मुले



वार्षिक अहवाल सिद्ध करताना रुग्णसेवेचा तक्ता आम्ही सर्वांत शेवटी भरतो. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, शस्त्रक्रिया किती आणि अखेरचा रकाना ‘पूर्ण बरे झाले’. मोतीबिंदू काढून घरी परतलेल्या आजी, मोडलेला हात सांधला गेलेला कामगार हे सारे त्या रकान्यात सुखाने बसतात. बालविकास व समुपदेशन विभागाशी आलो की मात्र लेखणी थबकते. गतवर्षीच्या सभेनंतर एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस आस्थेने विचारले, “या विभागात येणाऱ्या चंचल मुलांपैकी बरी किती झाली?” प्रश्न रास्त होता. दिलेल्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा दात्यांस अधिकारच आहे. त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. विभागातील डॉक्टर व समुपदेशक यांच्याशी वर्षभर झालेल्या चर्चेतून जे उमगले, ते या लेखात मांडीत आहोत.

ही अवस्था म्हणजे काय?

‘एडीएचडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेत लक्ष टिकवणे, हालचालींवर आवर घालणे आणि कृतीपूर्वी क्षणभर थांबणे या तीन गोष्टी कठीण जातात. काही मुलांत तिन्ही दिसतात, काहींत केवळ पहिली. ही अवस्था मोबाईलच्या युगाची निर्मिती आहे, असा समज आढळतो. तो खरा नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली लक्ष न टिकण्याच्या व्याधीचे वर्णन केले होते. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. मात्र स्वतःवर आवर घालता न येणे यास त्यांनी नैतिक नियंत्रणाचा दोष मानले. आज शास्त्र पुढे गेले आहे. पण आपल्या घराघरांतील भाषा पुष्कळदा तेथेच थांबली आहे. मुलगा असेल तर तो ‘वांड’ ठरतो, मुलगी असेल तर ‘वेंधळी’. मुली बहुधा दंगा करीत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. म्हणून त्यांची अडचण अनेकदा उशिरा ध्यानात येते.

जगभरातील अभ्यासांचा एकत्र विचार करता मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळते. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सरासरीने दोन. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसते. आईवडिलांचे लाड किंवा आईची नोकरी हे या अवस्थेचे कारण नव्हे. मुलाविषयी माहिती देता देता एखादे वडील मध्येच थांबतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, “मीही असाच होतो. मला फक्त मार मिळाला.” आमच्या विभागास हे वाक्य नवे नाही.

मेंदूची वेगळी घडण

अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी वाढत्या वयात एका कमाल मर्यादेस पोहोचते. बहुतांश भागांत हा टप्पा इतर मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास, तर या मुलांत साडेदहाच्या सुमारास आल्याचे त्यांना दिसले. विकासाचा क्रम तोच होता, गती निराळी होती. लक्ष व नियोजन सांभाळणाऱ्या पुढच्या भागात हा विलंब विशेष ठळक होता. दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांच्या संयमाची अपेक्षा करताना आपण त्याच्याजवळ अद्याप नसलेली वस्तू मागत असतो, हे यावरून ध्यानी यावे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संकल्पना पुढे आली. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. मूळ चर्चा स्वमग्नतेच्या संदर्भात होती. पुढे एडीएचडीचाही तीत समावेश झाला. माणसांचे मेंदू एकाच साच्यातून निघत नाहीत आणि वेगळेपणा म्हणजे बिघाड नव्हे, हा तिचा आशय. याचा अर्थ अडचण नाहीच असा मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात ही अवस्था मेंदूच्या विकासाशी निगडित विकारांत नोंदलेली आहे. या मुलांना अपघाती इजा अधिक होतात, शाळा अर्धवट सुटण्याचा धोका अधिक असतो. वेगळेपणाचा गौरव करून मदत नाकारणे हीसुद्धा उपेक्षाच होय. मदत द्यावी, पण ती देताना मुलास ‘तू मुळातच चुकीचा आहेस’ असे शिकवू नये, एवढेच या विचाराचे सांगणे आहे.

निदानाविषयी पालकांस चार शब्द

या अवस्थेचे निदान करणारी रक्ततपासणी नाही. मेंदूचे छायाचित्र काढूनही ते होत नाही. अन्य आजाराची शंका असल्यास डॉक्टर तपासण्या सांगतील. एरवी महागड्या तपासण्यांवर पैसा खर्च करू नये. आधी मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणारे मूलही वर्गात चुळबुळ करते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पालकांशी सविस्तर बोलतात, शिक्षकांकडून माहिती मागवतात आणि मुलाशी गप्पा मारतात. प्रचलित निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, वयाच्या बारा वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. केवळ घरी किंवा केवळ एकाच शिक्षकांच्या तासाला दिसणाऱ्या वर्तनाचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे; अशा मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक मार्गदर्शन विनामूल्य मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. अध्ययन अक्षमतेचे मात्र आहे. या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात. म्हणून वाचन-लेखनाची चाचणीही करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचे रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळू शकतात.

आधार कसा असावा?

लहान वयात, विशेषतः सहा वर्षांपूर्वी, पहिला उपाय म्हणजे पालकांचे प्रशिक्षण. “हातपाय धू, दप्तर भर, डबा बाहेर काढ, मग पाढे म्हण” अशी चार कामे एका दमात सांगितली की मुलास पहिले किंवा शेवटचेच आठवते. एक काम सांगावे, ते झाले की दुसरे. वेळ डोळ्यांना दिसावी म्हणून वाळूचे घड्याळ समोर ठेवावे. अभ्यासाच्या दहा मिनिटांनंतर पाणी आणावयास उठू द्यावे. चुकीची शिक्षा संध्याकाळी करण्यापेक्षा जमलेल्या गोष्टीची दाद त्याच क्षणी द्यावी. या मुलांपर्यंत उशिराचे बक्षीस व उशिराची शिक्षा दोन्ही नीट पोहोचत नाहीत. शाळेने पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर जागा द्यावी आणि फळा पुसण्याचे किंवा वह्या वाटण्याचे काम द्यावे, म्हणजे हालचालीस सन्मानाची वाट मिळते.

औषधांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. मिथाईलफेनिडेट हे औषध अनेक मुलांत गुणकारी ठरते. ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, कायदेशीर नियंत्रणाखाली मिळते. भूक मंदावणे व झोप कमी होणे हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नोंद ठेवावी लागते. औषध घेणे हा पराभव नव्हे आणि औषध म्हणजे सर्व काही नव्हे. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १४ महिन्यांच्या अखेरीस काटेकोरपणे दिलेल्या औषधाचा मूळ लक्षणांवर स्पष्ट लाभ दिसला. मुले पुढे नेहमीच्या उपचारांकडे गेली आणि तीन वर्षांच्या टप्प्यावर निरनिराळ्या गटांतील तो फरक उरला नाही. काही महिने उपचार करून फाईल बंद करावी, अशी ही अवस्था नव्हे.

समुपदेशक निवडताना पालकांनी संकोच न करता काही प्रश्न विचारावेत. आपली भारतीय पुनर्वास परिषदेकडे किंवा संबंधित परिषदेकडे नोंदणी आहे काय? उपचाराचे ध्येय कोण ठरवते, आणि मुलाचे म्हणणे विचारले जाते काय? पालकांना व शाळेला काय बदलावे लागेल, हे सांगितले जाते काय? ‘तीन महिन्यांत शांत बसवून दाखवतो’ अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहावे. मूल गप्प बसले म्हणजे त्याचे बरे चालले आहे, असे नाही. पुष्कळदा ते केवळ घाबरलेले असते. कसलेल्या समुपदेशकाच्या खोलीत मूल जमिनीवर बसून, फिरत, चेंडू हातात दाबत बोलू शकते. ते कशात रमते हे तेथे प्रथम विचारले जाते, कारण आवडीच्या कामात हेच मूल तासन्‌तास तहानभूक विसरते.

हिशेबाची अडचण

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे जमाखर्चाच्या अंगाने एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने आखलेल्या योजनेत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखलेल्या असतात. तेथे एकक आहे खाट. हे मूल मात्र खाटेवर कधी झोपतच नाही. त्याच्यावरील खर्च म्हणजे प्रशिक्षित माणसाचा एकेक तास, तोही दीर्घकाळ. सोनोग्राफीच्या यंत्रावर दिवसभरात जितक्या तपासण्या होतात, तितकी मुले एका समुपदेशकास पाहता येणार नाहीत. घाईने पाहिली, तर न पाहिल्यासारखेच. यंत्रावर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते. तासावर ती कशी लावावी, हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

रोजंदारीवरील पालकास दर आठवड्याची भेट म्हणजे शुल्काखेरीज एका दिवसाची बुडालेली मजुरी असते. अनेक कुटुंबे तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर येईनाशी होतात. त्यांना मुलाची काळजी नसते असे नव्हे. त्यांना तो दिवस परवडत नाही. या विभागासाठी आम्ही मागत आहोत ते याचसाठी: शुल्कात सवलत, प्रवासखर्च आणि सायंकाळची वेळ सुरू ठेवण्याइतके मनुष्यबळ.

देणगीदार महोदयांच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. या मुलांपैकी ‘पूर्ण बरे’ कोणीही झाले नाही आणि त्या अर्थाने कोणी व्हावयाचेही नव्हते. वयानुसार काहींची चुळबुळ ओसरते. अनेकांत ही घडण प्रौढपणीही सोबत राहते. म्हणून या वर्षीपासून सदर विभागापुरता तो रकाना आम्ही काढला आहे. त्याऐवजी तीन नोंदी ठेवू: मूल शाळेत टिकून आहे काय, पालक भेटीस येत राहिले काय, आणि घरातला मार थांबला काय. तिसरी नोंद मुलास विचारूनच भरली जाईल. पुढील अहवालात हे आकडे, ते कसेही असोत, आपणांसमोर ठेवू.