पिशवीचे ऑपरेशन : आधीचे आणि नंतरचे

काही दुखणी घरातल्या पुरुषांच्या कानांवर फार उशिरा येतात. गर्भाशयाचे दुखणे त्यांपैकी एक. महिनोन्‌महिने अंगावरून जात असते, कंबर धरलेली असते, चेहरा पांढुरका पडत चाललेला असतो. पण ही गोष्ट आई, मावशी आणि शेजारची एखादी काकू यांच्या पलीकडे जात नाही. मग एके दिवशी एकदम कळते, की डॉक्टरांनी 'पिशवी काढावी लागेल' असे सांगितले आहे. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बोलावणे जाते, कारण फाईल वाचता येणारे, कार्डाची खटपट करणारे आणि वेळ पडल्यास रक्त देणारे माणूस घरात तेच असते. हा लेख मुख्यतः त्या मुलामुलींसाठी आहे. प्राध्यापकांच्या घरीही हा प्रसंग येतोच, तेव्हा त्यांनीही पान उलटू नये.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. आपण मराठीत ज्याला पिशवी म्हणतो आणि बालाघाटच्या बाजारपेठेत ज्याला बच्चेदानी म्हणतात, ते गर्भाशय. ते साधारण लहान पेरूएवढे असते. त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला वैद्यकात 'हिस्टरेक्टॉमी' म्हणतात. तिचा नसबंदीशी संबंध नाही. नसबंदीत फक्त नळ्या बांधतात. गर्भाशयाबरोबर अंडाशये काढली किंवा नाही, हा तर वेगळा आणि अतिशय महत्त्वाचा प्रश्न आहे. पुष्कळ घरांतून तो विचारलाच जात नाही. 'सगळे काढून टाका, कटकट नको' असे नातेवाईकच म्हणून मोकळे होतात.

गर्भाशयाचे काम मुले होईपर्यंतच, नंतर ते शरीरात उगाच पडलेले, ही समजूत आपल्याकडे खोल गेलेली आहे. तिचा परिणाम काय होतो हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. तेथील ऊसतोड कामगार दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको जोडीने, म्हणजे 'एक कोयता' म्हणून, कारखान्याच्या भागात जातात. एक दिवस खाडा झाला तर दंड. उसाच्या फडात न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. २०१९ साली या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जवळजवळ दर सहा बायकांमागे एक. देशभराचा आकडा पाहिला म्हणजे हे प्रमाण किती भयंकर आहे ते ध्यानात येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा तीनच्या थोडे वर होते. आणि त्यांतील निम्म्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या वेळी पस्तिशीच्या आतल्या होत्या. आपल्या शेजारच्या छत्तीसगढसह बिहार व राजस्थान येथील अशाच तक्रारींवरून २०१३ मध्ये एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले.

हे वाचून डॉक्टर सांगतात ते सारे खोटे असे मात्र कोणी समजू नये. कर्करोग असेल, मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव थांबतच नसेल, अंग बाहेर येत असेल आणि दुसरे उपाय करून झाले असतील, तर हेच ऑपरेशन बाईला नवा जन्म देते. वर्षानुवर्षे रक्त गमावलेली बाई सहा महिन्यांत पुन्हा उभी राहिलेली आपण पाहतो. पण पांढरे पाणी जाणे, नुसती कंबरदुखी, किंवा 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती, एवढ्यावर गर्भाशय काढायचे कारण नाही. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी आहे, नुसत्या गाठी काढता येतात, आणि अंग बाहेर येण्यावर रबरी कडे बसवण्याचा जुना व साधा उपाय आहे. चाळिशीच्या आतल्या बाईला ऑपरेशन सांगितले असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावेच. घेताना संकोच वाटू देऊ नये. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. पंचेचाळिशीनंतर अनियमित रक्तस्राव होत असेल, तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा आधी तपासला आहे ना, हेही विचारावे.

आता तयारी. कर्करोग किंवा न थांबणारा रक्तस्राव वगळला, तर या ऑपरेशनला सहसा घाई नसते. दोन-तीन महिने हाताशी असतात, आणि ते नुसते तारखेची वाट पाहण्यात घालवू नयेत. पहिले काम रक्त वाढवण्याचे. या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत ५७ जणींना पंडुरोग आढळला. ज्या बाईच्या अंगावरून जाते तिची स्थिती त्याहून वाईट असणार. हिमोग्लोबिन निदान दहाच्या घरात आल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात न घालणे डॉक्टर पसंत करतात. लोहाच्या गोळ्यांनी ते चढायला आठवडे लागतात, म्हणून गोळ्या लवकर सुरू कराव्यात. त्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात आणि चहापासून दूर ठेवाव्यात. गोळीवर लगेच चहा प्यायला की गोळीतले बरेचसे लोह वाया जाते. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते.

आपल्या भागासाठी दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती म्हणजे सिकलसेलची तपासणी. पूर्व मध्य प्रदेश आणि विदर्भ हा या आजाराचा पट्टाच आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ आपल्याच राज्यातल्या शहडोलला झाला, तो उगाच नव्हे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. भूल, रिकामे पोट, पाणी कमी पडणे आणि शस्त्रक्रियागृहातील गारवा या सगळ्या गोष्टी अशा रुग्णाला धोक्याच्या आहेत. आधी कळले असेल तर डॉक्टर सलाईन, ऊब आणि प्राणवायू यांची व्यवस्था ठेवतात. कळले नसेल तर ऑपरेशन नीट होऊनही रुग्ण हातची जाण्याची वेळ येते. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आईची तपासणी झाली की स्वतःचीही करून घ्यावी, लग्नाआधी ती उपयोगी पडेल.

साखर, रक्तदाब, हृदयाचा आलेख, सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी या गोष्टी डॉक्टर सांगतातच. ते विचारतील पण बाई सांगणार नाही, अशी एक गोष्ट तंबाखूची. आपल्याकडे सकाळी गुडाखू घासणाऱ्या आणि खर्रा खाणाऱ्या बायका थोड्या नाहीत. सासूसमोर हे कबूल करणे अवघड जाते. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. चार आठवडे आधी सोडता आली तर उत्तम. रक्त पातळ करण्याच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची पाकिटेच डॉक्टरांपुढे ठेवावीत. आदल्या रात्रीच्या उपासाविषयी दवाखान्यात सांगतील तेच खरे मानावे. जेवण थांबवण्याची वेळ वेगळी आणि पाणी थांबवण्याची वेगळी असते.

ऑपरेशन केव्हा करायचे हे ठरवताना पंचांगापेक्षा शेतीचे वेळापत्रक पाहावे. बालाघाट जिल्हा धानाचा आणि जंगलाचा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे दिवसभर वाकून चिखलात पऱ्हे लावणे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि भारे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. यांतल्या कोणत्याही कामाच्या तोंडावर ऑपरेशन केले, तर टाके सुकण्याआधी बाई शेतात किंवा जंगलात दिसणार हे ठरलेले. कापणी-मळणी आटोपल्यावर, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शस्त्रक्रिया झाली, तर मोहफुलांच्या आधी तिला पुरते सहा आठवडे मिळतात. महाविद्यालयाच्या परीक्षांचाही तो काळ नसतो, हे जाता जाता सांगितलेले बरे.

कोठे करायचे? १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती; दुखणे वाढले की नागपूर गाठायचे ही सवय राजधानी भोपाळला गेल्यावरही गेली नाही. पण साध्या, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेसाठी आधी आपल्या जिल्हा रुग्णालयात विचारावे. ४० किलोमीटरवरच्या गोंदियालाही २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय असते आणि आपले कार्ड महाराष्ट्रातील योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतही चालते. मात्र रुग्णालय नोंदलेले आहे का आणि मंजुरी आधी घ्यावी लागेल का, हे भरती होण्यापूर्वी पाहावे.

संमतिपत्राविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तेथेच शिकलेल्या मुलाचे खरे काम आहे. दिल्लीतील एका खटल्यात केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यासाठी संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशये, ती भुलीत असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारून काढण्यात आली होती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जिवावरचा प्रसंग नसताना अशी संमती चालत नाही. सज्ञान रुग्णाची संमती तिची तिनेच द्यायची असते. तेव्हा नवऱ्याने किंवा मुलाने सही ठोकून देण्यापूर्वी तो कागद आईला तिच्या भाषेत वाचून दाखवा. काय काढणार, अंडाशये ठेवणार की नाही, पोट उघडून, खालच्या मार्गाने की दुर्बिणीने, हे तिला कळले पाहिजे. जमत असेल तेथे खालचा मार्ग बाईला सोपा जातो. पोटावर घाव नसतो आणि ती लवकर हिंडू लागते.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी परिचारिका उठून चालायला सांगते, तेव्हा नातेवाईकांना ती निर्दय वाटते. ती बरोबर करीत असते. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात आणि त्यांतली एखादी फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरावी. पोटात वारा धरतो, दोन-तीन दिवस शौचाला होत नाही. कुंथू नये, पाणी भरपूर प्यावे. पाणी प्यायल्याने टाक्यांत पू होतो ही समजूत निराधार आहे. तसेच वांगे नको, डाळ नको, भात नको, असे पथ्य करून बाईला अर्धपोटी ठेवतात. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, दूध, अंडी, चालत असेल तर मासळी, सगळे द्यावे.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. वरची जखम दहा-बारा दिवसांत कोरडी दिसते आणि सगळ्यांना वाटते, झाले. पण आत, योनीमार्गाच्या वरच्या टोकाला जेथे गर्भाशय जोडलेले होते, तेथेही टाके आहेत. ते दिसत नाहीत आणि पक्के व्हायला सहा ते आठ आठवडे घेतात. तोवर तीन-चार किलोंहून जास्त ओझे उचलायचे नाही. आता हिशेब करा : पंधरा लिटरचा भरलेला गुंड पंधरा किलोंच्या वर जातो, दोन वर्षांचा नातू दहा-बारा किलोंचा, गाईपुढे टाकायच्या चाऱ्याचा भारा विचारूच नका. 'आराम कर' असे आईला दहा वेळा सांगून उपयोग नाही; नळावर पाणी भरायला कोण जाणार ते ठरले पाहिजे. सहा आठवडे पाणी, सरपण, गोठा आणि धुणे ही चार कामे घरातल्या कोणाच्या तरी नावावर लावा, आणि मुलांच्या नावावर लावायला हरकत नाही. चालणे मात्र रोज थोडे वाढवत न्यावे. शरीरसंबंध तपासणीनंतर डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि हे नवऱ्याला डॉक्टरांनीच स्पष्ट सांगावे अशी विनंती करावी.

थोडा तपकिरी स्राव काही आठवडे होतो. पण तासाभरात घडी भिजेल इतके रक्त, शंभरच्या वर ताप, दुर्गंधीचा स्राव, एका पोटरीला सूज व वेदना, अचानक धाप, लघवी न होणे किंवा नकळत सतत गळणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आपला जिल्हा मलेरियाचा असल्यामुळे ताप आला की हिवताप म्हणून गोळी देण्याची सवय आहे. ऑपरेशननंतरच्या तापात रक्ताची तपासणी करावी, पण जखमही दाखवावी.

मन उदास होते, रडू येते. मूल नको असलेल्या बाईलाही काही गमावल्यासारखे वाटते आणि त्यात शेजारपाजारचे 'आता आतून पोकळ झाली' वगैरे बोलतात. आत पोकळी राहत नाही. आतडी ती जागा घेतात. अंडाशये काढली असतील तर मात्र शरीरात खरोखरच बदल होतो. पाळी जायच्या वयाआधीच अंगाच्या वाफा, घाम, झोपमोड सुरू होते आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. पंचेचाळिशीच्या आतल्या बाईने त्यावर संप्रेरकांची गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

काढलेला अवयव तपासणीला जातो आणि त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. पुष्कळ लोक तो आणायलाच जात नाहीत. तो आणावा, डॉक्टरांना दाखवावा, आणि सुटीच्या कागदासह फाईलमध्ये लावून बँकेच्या पासबुकाशेजारी पेटीत ठेवावा. दहा वर्षांनी एखादा डॉक्टर विचारील, की अंडाशये ठेवली होती का, गर्भाशयाचे मुख काढले होते का. मुख ठेवलेले असेल तर त्याची कर्करोगाची तपासणी पुढेही करावी लागते, आणि याचे उत्तर त्या एका कागदावरच लिहिलेले असते.