फुकटाचा पोटभाडेकरू

दिंडोशीतल्या एका घरगुती उद्योगाची कल्पना करा. मालाड-गोरेगावच्या पूर्वेकडची ही वस्ती. एका अंगाला चित्रनगरी, दुसऱ्या अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग, आणि मधे म्हाडाच्या इमारती व मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली नागरी निवारा वसाहत. तुमच्या शेजारच्या मावशी तिथे दिवाळीचा फराळ करून विकतात, आणि मागण्या घेण्यासाठी त्यांनी एक संकेतस्थळ काढले आहे असे समजा. त्यांना चार गोष्टी हव्या आहेत. चकल्या-करंज्यांची छायाचित्रे दिसावीत, गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता यावे, मागणीचा अर्ज भरता यावा आणि रोज किती माणसे येऊन गेली ते कळावे. पैसे मात्र खर्च करायचे नाहीत. संकेतस्थळ वर्डप्रेसवर बांधलेले आहे, आणि शेजारात संगणक कळणारे म्हणून मावशींनी हाक मारली आहे तुम्हाला.

तुम्ही वर्डप्रेसची सूची उघडता. तिथे साठ हजारांहून अधिक विनामूल्य प्लगइन, म्हणजे वरून जोडण्याच्या लहान आज्ञावल्या, मांडून ठेवलेल्या असतात. एक बटण दाबले की काम झाले. पण नेमके काय झाले, हे समजून घेतल्याशिवाय निवड करता येणार नाही.

वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केले. आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक त्यावर चालतात. प्लगइनची सोय त्यात २००४ मध्ये आली. तिची युक्ती साधी आहे. गिऱ्हाइकाने पान मागितले की मूळ आज्ञावली ते पायरीपायरीने तयार करते. या पायऱ्यांवर जागोजागी जणू खुंट्या ठोकलेल्या असतात. प्रत्येक खुंटीपाशी आज्ञावली थांबते आणि पाहते, इथे कोणी काही टांगले आहे का? टांगले असेल तर ते काम आधी करते आणि मग पुढे जाते. त्यामुळे मूळ आज्ञावलीला हात न लावता तिच्यात हवी ती भर घालता येते.

पण खुंटीवरचा सदरा नुसता लटकतो. प्लगइन घरभर फिरते. मूळ आज्ञावलीला जे जे अधिकार असतात, ते सर्व त्यालाही मिळतात. मागण्यांचा साठा, गिऱ्हाइकांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, खुद्द मावशींची खाती, सारे त्याला वाचता येते आणि बदलताही येते. छायाचित्रे सरकवणाऱ्या प्लगइनला पत्त्यांशी काही कर्तव्य नसते हे खरे, पण मधे भिंतच नाही. तेव्हा प्लगइनला पाहुणा समजू नका. पाहुणा बाहेरच्या खोलीत बसतो, चहा घेतो आणि जातो. प्लगइन हा पोटभाडेकरू आहे, आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते.

पोटभाडेकरू सज्जन असला म्हणजे झाले, असे तुम्ही म्हणाल. बहुतेक असतातही. अडचण अशी की तो आपली खोली परस्पर दुसऱ्याला विकू शकतो. २०१७ साली 'डिस्प्ले विजेट्स' या प्लगइनचे असेच झाले. सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर ते वापरात होते. मूळ मालकाने ते विकले, आणि नव्या मालकाने पुढच्या आवृत्तीत एक चोरदरवाजा ठेवून दिला. त्यातून लोकांच्या संकेतस्थळांवर जाहिरातबाज मजकूर छापला जाऊ लागला. खोडी अशी की आत प्रवेश केलेल्या मालकाला तो मजकूर दिसतच नसे, फक्त बाहेरच्यांना दिसे! अखेर ते सूचीतून काढून टाकण्यात आले. वापरणारे पुष्कळ आहेत म्हणून वस्तू निर्धोक आहे असे अनुमान काढू नये, ते यासाठी.

दुसरा एक प्रकार आहे, आणि माझ्या मते तो अधिक फसवा. यात तुमच्या संकेतस्थळावर काहीच बसवावे लागत नाही. 'या दोन ओळी पानात चिकटवा' एवढेच सांगितलेले असते. त्या ओळी गिऱ्हाइकाच्या ब्राउझरला सांगतात, अमुक ठिकाणाहून आज्ञावली आण आणि चालव. ती प्रत्येक वेळी परक्याच्या सर्व्हरवरून येते. काल तिथे काय होते आणि आज काय आहे, मावशींना कळण्याचा मार्ग नाही. 'पॉलिफिल' नावाची अशीच एक उपयुक्त सेवा होती. जुन्या ब्राउझरांना नव्या गोष्टी शिकवण्याचे काम ती करी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा पत्ता एका परक्या कंपनीच्या हाती गेला. मूळ रचनाकार अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच 'ती काढून टाका' असा इशारा दिला होता. जूनमध्ये दिसून आले की मोबाइलवरून येणाऱ्या काही वाचकांना परस्पर सट्ट्याच्या संकेतस्थळांकडे वळवले जात आहे. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांनी त्या ओळी चिकटवलेल्या होत्या.

आता मावशींच्या पानावरचे पैसे देण्याचे क्यूआर चित्र आठवा. पानात चालणारी परकी आज्ञावली त्या चित्राच्या जागी दुसरे चित्र ठेवू शकते. करंज्यांचे पैसे भलत्याच खात्यात जातील, आणि गिऱ्हाइक भांडायला येईल ते मावशींशी.

मग हे लोक फुकट देतात तरी का? इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. मुक्त म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, सुधारता आणि पुढे देता येते ते. फुकट म्हणजे ज्याचे पैसे पडत नाहीत ते. वर्डप्रेसच्या सूचीतील प्लगइनवर मुक्त परवान्याची अट असते. चिकटवायच्या ओळी पुष्कळदा नुसत्याच फुकट असतात. आणि फुकटाचे मोल कोणीतरी, कशाने तरी चुकवत असतो.

'अ‍ॅडधिस' या सेवेचे उदाहरण शास्त्राच्या दृष्टीने फार मनोरंजक आहे. 'हे पान मित्राला पाठवा' अशी बटणे ती फुकट देई. २०१४ साली प्रिन्स्टन आणि ल्यूवेन येथील विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिले की ती वाचकाच्या ब्राउझरकडून गुपचूप काही अक्षरे काढून घेते. ही अक्षरे पडद्यावर दिसत नाहीत. पण प्रत्येक संगणकाची चित्र काढणारी चकती, त्यातले टंक आणि त्याची आज्ञावली थोडी वेगळी असल्यामुळे अक्षरांच्या कडांवरील ठिपक्यांची छटा किंचित बदलते. तेवढ्या फरकावरून पुष्कळदा संगणक ओळखता येतो, जणू त्याच्या बोटांचा ठसाच! जगातील आघाडीच्या एक लाख संकेतस्थळांपैकी पाच टक्क्यांहून अधिक ठिकाणी ही युक्ती आढळली, आणि तिच्यातला बहुतेक वाटा अ‍ॅडधिसचा होता. पुढे ऑरॅकल कंपनीने ती सेवा विकत घेतली आणि ३१ मे २०२३ रोजी बंद केली.

सरळ मार्गही आहेत. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीची 'अ‍ॅस्ट्रा' ही वर्डप्रेसची रूपरचना फुकट मिळते आणि दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांवर आहे. कंपनी पैसे मिळवते ती वाढीव सोयींची आवृत्ती विकून. हा उघड व्यवहार झाला. तरी ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेसने अ‍ॅस्ट्रा काही दिवस सूचीतून उतरवली होती, कारण दलालीच्या दुव्यांबाबतचा नियम तिच्यात मोडला गेला होता. कंपनीने तो भाग काढला आणि ती परत आली. सूचीवर कोणीतरी डोळा ठेवून असते, हा तिचा खरा फायदा. चिकटवायच्या ओळींवर असा पहारा नसतो.

वजनाचाही हिशेब पाहा. मावशींचे साधे पान ६०० किलोबाइटचे आहे. सरकती चित्रे, गप्पांची खिडकी, उड्या मारणाऱ्या पाट्या जोडल्या आणि ते ३,००० किलोबाइटचे झाले. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ४,८०० किलोबिटचे २४,००० झाले. गर्दीच्या लोकलमध्ये सेकंदाला २,००० किलोबिट मिळत असतील, तर पहिले पान २.४ सेकंदांत येईल आणि दुसरे १२ सेकंदांत. तेवढ्यात गोरेगावहून चढलेले गिऱ्हाइक मोबाइल खिशात घालून मालाडला उतरायच्या तयारीला लागते.

आता मावशींच्या चार गोष्टींकडे वळू. छायाचित्रे मांडण्याची सोय वर्डप्रेसमध्ये मुळातच आहे. व्हॉट्सअ‍ॅपसाठी एक साधा दुवा पुरतो, प्लगइन लागत नाही. भेट देणाऱ्यांची नोंद सर्व्हर बहुधा आपल्या रोजनिशीत ठेवतच असतो. जागा देणाऱ्याला विचारले की ती मिळते. उरला मागणीचा अर्ज. त्याच्यासाठी मात्र प्लगइन घ्यावे. सूचीत त्याच्या नावाखाली शेवटची सुधारणा कधी झाली ते पाहा. वर्डप्रेसच्या गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर तपासलेले नसेल तर सूचीच तशी ताकीद देते. वापरणाऱ्यांच्या तक्रारींना कर्ता उत्तरे देतो का, आणि त्याचे पोट कशावर चालते, हेही वाचा. अर्जात नाव, क्रमांक आणि पत्ता एवढेच विचारा. जन्मतारीख घेऊन चकली अधिक खुसखुशीत होत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कायद्यातही माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर ठेवलेली आहे, काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी. बसवण्यापूर्वी साऱ्या संकेतस्थळाची एक प्रत वेगळी काढून ठेवा. आणि नको झालेले प्लगइन नुसते बंद करून ठेवू नका, पुसून टाका. बंद खोलीलाही दार असतेच.

शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करण्यासारखा आहे. ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबा, 'नेटवर्क' हा विभाग निवडा आणि मग आपल्या भागातील एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ उघडा. एकेका ओळीत एकेक वस्तू उतरू लागेल: चित्र, टंक, आज्ञावली. वस्तू किती आल्या, एकूण किलोबाइट किती आणि दुकानाच्या स्वतःच्या पत्त्याखेरीज आणखी किती पत्त्यांवरून माल आला, हे तीन आकडे वहीत लिहा. मग तेच पान लगेच दुसऱ्यांदा मागवा. या वेळी किलोबाइटचा आकडा बराच कमी भरेल, कारण पहिल्या वेळचा पुष्कळसा माल ब्राउझरने स्वतःपाशी साठवून ठेवलेला असतो. म्हणून तुलना करताना दर वेळी आधी हा साठा रिकामा करावा.