300 किलोमीटरचा देश, 2,000 किलोमीटरचे रूळ

1 जुलै 1879 रोजी हेगहून स्खेवेनिंगनच्या समुद्रकिनाऱ्याकडे ट्राम निघाली, ती घोड्यांविना. नेदरलँड्समधली ही पहिली वाफेची ट्राम. पुढे ऐन भरात या ट्रामगाड्यांचे रूळ 2,000 किलोमीटरच्या पलीकडे गेले. देशाची उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम 300 किलोमीटर. ते रूळ सलग मांडले असते तर देश सहा वेळा ओलांडूनही उरले असते!

एवढा पसारा ओढला तो छोट्या इंजिनांनी. त्याचं रहस्य सपाट जमिनीत आहे. सपाट रुळावर एक टन वजन चालतं ठेवायला 10 किलोंहूनही कमी जोर पुरतो. पण शंभर मीटरला फक्त एक मीटर चढ आला, की त्यात आणखी 10 किलोंची भर पडते. डच सखल भागात हा चढ क्वचितच. त्यात रूळ बहुधा रस्त्याच्या कडेनेच टाकलेले, त्यामुळे नवी जमीन घेण्याचा खर्चही वाचला.

सुरुवातीची इंजिनं चौकोनी पेटीसारखी दिसत. रस्त्यावरचे घोडे बुजू नयेत म्हणून चाकं पत्र्यांनी झाकलेली, आणि वाफ उघडी सुटू नये म्हणून ती थंड करून पुन्हा पाणी करण्याची सोय. हे काम किती अवघड? एक किलो कोळशावर साधारण सहा लिटर पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे 1,700 लिटर वाफ. म्हणजे ओंजळभर कोळशामागे 10,000 लिटर वाफ लपवायची!

पण या जाळ्याचे धागे एकमेकांना जुळत नव्हते. दोन रुळांमधलं अंतर फ्रीसलँडमध्ये 1,435 मिलिमीटर, रॉटरडॅमच्या दक्षिणेकडच्या बेटांवर 1,067, तर पूर्वेला डुटिंखेमच्या बाजूला 750. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नसे. माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. एक टन माल म्हणजे 50 किलोंची 20 पोती, आणि प्रत्येक पोतं दोनदा उचलायचं.

1878 साली स्थापन झालेल्या रॉटरडॅम ट्रामवे कंपनीला तर पाणीही आडवं येई. बेटांमध्ये खाड्या, म्हणून कंपनीने रुळांच्या जोडीला बोटीही चालवल्या. शरद ऋतूत साखरबीटाचा माल याच वाटेने निघे. 1953च्या महापुरात तिचे स्खौवेन-डायव्हलंड बेटावरचे रूळ कायमचे गेले.

बसने हळूहळू प्रवासी पळवले. राष्ट्रीय रेल्वेची शेवटची वाफेची ट्राम आल्कमार-बेर्खन मार्गावर 1955 साली थांबली, म्हणजे पहिल्या फेरीनंतर 76 वर्षांनी. रॉटरडॅमच्या कंपनीने डिझेलवर आणखी तग धरला. तिची शेवटची ट्राम 14 फेब्रुवारी 1966 रोजी धावली.

नेदरलँड्सला जाणं झालंच, तर होर्नला जा. तिथून मेडेमब्लिकपर्यंत 20 किलोमीटरच्या मार्गावर 1968पासून वाफेच्या गाड्यांचं चालतं संग्रहालय आहे. आल्कमार-बेर्खन मार्गावर धावलेलं, 1914 साली बांधलेलं ‘बेलो’ इंजिनही तिथल्याच संग्रहात आहे.