एका पत्त्याचे दोन धनी

नेरूळच्या सहाव्या सेक्टरांत सारसोळें हें आगरी-कोळ्यांचें जुनें गांव आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नवी मुंबई 'नोड'वार वसविली, नोडांचे सेक्टर पाडले, आणि गांवाच्या जुन्या नांवाशेजारीं हा नवा आंकडा येऊन बसला. आमचें बिऱ्हाड त्या गांवालगतच आहे. संगणकाच्या जगांतही 'नोड' हाच शब्द चालतो, व तेथेंही जुन्या पत्त्यावर नवा पत्ता चढविण्याची एक रीत आहे, हें मला गेल्या चातुर्मासांत पुतण्यामुळें कळलें.

आमचे दिवंगत दादा व्हॅक्स नांवाच्या यंत्रावर काम करीत. फावल्या वेळीं त्यांनीं फोर्ट्रान भाषेंत तिथिगणिताचा एक प्रोग्राम लिहिला होता. त्याची डिस्कवरील प्रत घरीं राहिली. व्हॅक्स काढणारी अमेरिकेंतील डिजिटल कंपनी १९९८ सालींच कॉम्पॅकनें विकत घेतली. तसें यंत्र आतां कोठून आणावें? पुतण्यानें लहानशा संगणकावर व्हॅक्सचें सोंग वठविणारा प्रोग्राम चालविला. मूळ प्रतीस धक्का लागूं नये म्हणून डिस्कची नक्कल दुसऱ्या संगणकावर ठेविली, आणि दोघांस डेकनेट या डिजिटलच्याच जुन्या पद्धतीनें जोडलें. पण पहिल्यानें दुसऱ्यास हांक मारावी, तों ओ त्याची त्यालाच ऐकूं यावी!

यांतील मर्म कळण्यास थोडें गणित हवें. वाचकभगिनींनीं कंटाळूं नये. प्रत्येक नेटवर्क कार्डास कारखान्यांतूनच सहा जोड्यांचा एक पत्ता मिळालेला असतो. अमुक यंत्राचें कार्ड कोणतें, हें आजचे संगणक एकमेकांस विचारून घेतात. डेकनेटच्या चवथ्या आवृत्तींत ही विचारपूसच नाहीं. तेथें यंत्राचा क्रमांक १.१३ असा असतो. म्हणजे विभाग १, नोड १३. विभाग ६३ पर्यंत, नोड १०२३ पर्यंत. विभागास १०२४ नें गुणून त्यांत नोड मिळवावा, १०३७ झाले. त्यांस २५६ नें भागावें. भागाकार ४, बाकी १३. षोडशमान पद्धतींत १३ म्हणजे 'डी'. बाकी आधीं, भागाकार मागून, आणि या दोहोंच्या आधीं चार ठराविक जोड्या: 'एए-००-०४-००-०डी-०४'. डेकनेट सुरू होतांच कार्ड जन्माचा पत्ता टाकून हा धारण करतें. वहिनी हंसून म्हणाल्या, "म्हणजे माहेरचें नांव गेलें म्हणावयाचें!"

यासाठींच डेकनेट इतर पद्धतींच्या आधीं सुरू करावें लागतें. नाहींतर शेजारचीं यंत्रें जुन्याच पत्त्यावर निरोप धाडीत बसतात. लिनक्सनें तर डेकनेटचा आधार २०२२ च्या डिसेंबरांत, ६.१ या आवृत्तींत, काढूनच टाकला. सोंगाच्या व्हॅक्सपाशीं तो स्वतःचा असतो, म्हणून आमचें अडलें नाहीं.

अडलें तें नकलेपायीं. डिस्कबरोबर क्रमांकही उतरला होता! दोन्ही यंत्रें १.१३, दोहोंचा पत्ता एकच. मधला स्विच बिचारा निरोप कधीं याच्याकडे, कधीं त्याच्याकडे ढकली. पुतण्यानें चार रात्री केबली बदलण्यांत घालविल्या. शेवटीं नकलेस १.१४ क्रमांक देऊन यंत्र पुन्हां सुरू केलें, तेव्हां '०डी'च्या जागीं '०ई' आलें आणि ओ पलीकडून मिळाली.

त्याच रात्रीं पहिली फाईल गेली. तिच्या माथ्यावर दादांनीं रोमन लिपींत लिहून ठेविलें होतें, "श्रावण तपासणे बाकी". वहिनींनीं चष्मा लावला, पंचांग काढलें आणि श्रावणांतील तिथी एकेक करून ताडून पाहिल्या. नागपंचमी एक दिवस पुढें येत होती. पुतण्या आतां ती चूक शोधीत आहे.