जठरातला जंतू आणि जुन्या गोळ्यांचा हिशेब

दुर्बिणीने जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात आणि पिवळ्या जेलच्या खळग्यात टाकतात. जेलमध्ये युरिया असतो. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी असेल, तर पिवळ्याचा गुलाबी होतो. कधी काही मिनिटांत, कधी काही तासांनी. हा जंतू युरिया फोडून अमोनिया बनवतो, भोवतीचं आम्ल मारतो आणि जिथे दुसरा जंतू टिकणार नाही तिथे वर्षानुवर्षं मुक्काम करतो. निदान इतकं सोपं आहे. अवघड होत चालला आहे तो उपचार.

पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी 1982 मध्ये हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. तोवर अल्सरचं खापर तिखटावर, जागरणावर आणि काळजीवर फुटत असे. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मधल्या काळात, 1994 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची नोंद कर्करोगकारक म्हणून केली. तो बहुतेकांना लहानपणी घरातूनच मिळतो आणि अनेकांना आयुष्यभर काहीही त्रास देत नाही. पण ज्याला अल्सर झाला, त्याच्या पोटातून तो समूळ जायलाच हवा, नाहीतर अल्सर पुन्हा उलटतो.

त्यासाठी आम्ल दाबणारं एक औषध आणि किमान दोन अँटिबायोटिक्स, सहसा 14 दिवस. आम्ल दाबायचं ते नुसत्या जळजळीसाठी नाही. तीव्र आम्लात हा जंतू विभाजन थांबवून गप्प बसतो, आणि अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक मारतं ते वाढत्या जंतूंना. आम्ल उतरलं की जंतू वाढू लागतात आणि औषधाच्या तावडीत सापडतात.

खरी अडचण इतर औषधांची आहे. क्लॅरिथ्रोमायसिन जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला चिकटून ती बंद पाडतं. त्या जागेच्या जनुकात एक अक्षर बदललं, की औषध चिकटतच नाही. मग डोस कितीही वाढवा, उपयोग शून्य. मेट्रोनिडाझोलचं वेगळं. ते स्वतः निरुपद्रवी असतं, जंतूचंच एक विकर त्याचं विषात रूपांतर करतं. ते विकर बिघडलेला जंतू वाचतो. मात्र इथे डोस आणि दिवस वाढवून, जोडीला बिस्मथ देऊन बऱ्याचदा मात करता येते. दोन्ही गोष्टींना 'रेझिस्टन्स' असं एकच नाव असलं, तरी डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

भारतातल्या अनेक केंद्रांतल्या नमुन्यांचा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन-चतुर्थांशांहून अधिक नमुने मेट्रोनिडाझोलला दाद देत नव्हते, क्लॅरिथ्रोमायसिनला सुमारे 45 टक्के. माझ्या मते यात नवल काहीच नाही. जुलाब लागले की केमिस्टकडून मेट्रोनिडाझोलच्या चार गोळ्या कापून आणायच्या आणि पोट थांबलं की उरलेल्या डब्यात टाकायच्या, ही आपल्याकडची रीतच आहे. त्या गोळ्या जुलाबासाठी घेतलेल्या असतात, पण जठरात बसलेल्या या जंतूलाही त्यांचा प्रसाद मिळतो. दुबळे मरतात, चिवट उरतात. घसा धरला म्हणून घेतलेलं अ‍ॅझिथ्रोमायसिन तर क्लॅरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं. एकाला निर्ढावलेला जंतू दुसऱ्यालाही जुमानत नाही. कोविडच्या काळात आपण ते किती घेतलं, हे प्रत्येकाने आपापलं आठवावं.

क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू 15 टक्क्यांच्या वर गेले, तर तपासणीशिवाय ते औषध देऊ नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन सांगतं. पण तपासणी करायची कुठे? हा जंतू कमी ऑक्सिजनमध्ये, सावकाश वाढतो. त्याचं कल्चर फार थोड्या प्रयोगशाळांत होतं. म्हणून डॉक्टरांना बहुधा अंदाजाने औषध निवडावं लागतं. अशा वेळी बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लरोधक असा चौघांचा कोर्स देतात. गोळ्या पुष्कळ, तोंडाला धातूची चव, मळमळ. बिस्मथने जीभ आणि शौच काळी पडते. ती पाहून रक्त जातंय या भीतीने रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी सगळंच बंद करतो. हे आधी सांगायला दोन मिनिटं पुरतात आणि ती दोन मिनिटं द्यायलाच हवीत, कारण पहिला प्रयत्न फसला की दुसऱ्यासाठी हातात औषधं कमी उरतात. फसलेल्या कोर्समधलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन पुन्हा देण्यात अर्थ नसतो.

कोर्स संपला आणि दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला असं नाही. अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करावी लागते. त्याआधीचे दोन आठवडे पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल दाबणारी गोळी बंद ठेवायची असते; ती चालू असली तर जंतू दबून राहतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. दिवाळीत चकली-चिवड्यावर ताव मारण्याआधी सकाळी ती गोळी घेणारे घरोघरी आहेत. तपासणी या दिवसांत ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढे ढकलावी. आणि जाताना गेल्या काही वर्षांत कुठल्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या, त्याची आठवेल तेवढी यादी कागदावर लिहून न्यावी. कल्चरची सोय नसलेल्या गावात औषध निवडताना डॉक्टरांच्या हाती तेवढाच पुरावा असतो.