वाऱ्याची दिशा कोणी सांगायची?

११ मार्च २०११ च्या त्सुनामीने जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राची शीतकरण यंत्रणा बंद पाडली. शेजारच्या नामिए गावातले हजारो लोक घरदार सोडून डोंगराळ त्सुशिमा भागात गेले. केंद्रापासून जितके लांब तितके सुरक्षित, हा त्यांचा साधा हिशेब. किरणोत्सारी कणांचा ढग मात्र वायव्येला, नेमका त्सुशिमाकडे सरकला. गावकरी १५ तारखेपर्यंत तिथेच होते.

ढग कुठे जाईल याचा अंदाज सरकारकडे होता. ‘स्पीडी’ ही संगणक प्रणाली त्यासाठीच उभारलेली होती आणि तिचे नकाशे तासातासाला निघत होते. १४ मार्चपासून ते जपानमधील अमेरिकी सैन्याला मिळू लागले. जनतेसमोर पहिला नकाशा आला २३ मार्चला. अणुभट्टीतून नेमका किती किरणोत्सार बाहेर पडतोय हे कळत नव्हते, अपुऱ्या अंदाजाने लोक घाबरतील, अशी कारणे पुढे आली. पहिले कारण अगदीच पोकळ नव्हते. पण प्रमाण ठाऊक नसले तरी दिशा ठाऊक होती, आणि नामिएच्या लोकांना तीच हवी होती.

आरोग्याच्या दृष्टीने इथे तासांना किंमत असते. अपघातात बाहेर पडणारे आयोडीन-१३१ श्वासातून, दुधातून, पालेभाज्यांतून शरीरात जाते आणि थायरॉइड ग्रंथीत साठते. लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक. पोटॅशियम आयोडाइडची गोळी आधी घेतली, तर ग्रंथी साध्या आयोडीनने भरते आणि किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. मात्र ही गोळी ढग येण्याच्या थोडी आधी किंवा आल्यावर काही तासांतच घ्यावी लागते. दिवस उलटल्यावर ती घेऊन काही साधत नाही.

केंद्रापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिहारू गावाने हे ओळखले. १५ मार्चला पूर्वेचा वारा आणि पाऊस येणार, असे हवामानाचा अंदाज सांगत होता. वरच्या आदेशाची वाट न पाहता गावाने चाळिशीच्या आतील रहिवाशांना गोळ्या वाटल्या. प्रांत प्रशासनाने त्या परत गोळा करायला सांगितले. गावाने ऐकले नाही. इतर बहुतेक गावांत गोळ्या कपाटातच राहिल्या.

टेप्को या वीज कंपनीचे वागणे त्याहून बोलके. तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळल्याचे तिने मान्य केले ते मे महिन्यात. तेव्हाच्या अध्यक्षांनी ‘मेल्टडाउन’ हा शब्द वापरू नये अशी सूचना दिली होती, हे चौकशी समितीने उघड केले २०१६ मध्ये. दरम्यान सरकारी आकड्यांवरचा विश्वास इतका आटला, की स्वयंसेवकांनी मोटारींवर गायगर काउंटर बसवून रस्तोरस्ती मोजणी सुरू केली. त्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘सेफकास्ट’ उपक्रमाच्या नोंदी कोणालाही पाहता येतात.

या किरणोत्सारामुळे कर्करोगाच्या प्रमाणात ओळखू येईल अशी वाढ होण्याची शक्यता कमी आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये म्हटले. घाईचे स्थलांतर, तुटलेले उपचार आणि लांबलेला विस्थापितपणा यांच्याशी जोडलेले मृत्यू फुकुशिमा प्रांतात २ हजारांवर गेले. त्यात बहुसंख्य वृद्ध होते.