गारगोटीचा पत्ता

एक किलो वजनाचा अकीक घडायला किती पाणी लागतं? साध्या तापमानाच्या एका लिटर पाण्यात फार तर १०० ते १२० मिलिग्रॅम सिलिका, म्हणजे अकीक ज्याचा बनतो ते द्रव्य, विरघळलेली राहते. ती सगळी जागच्या जागी साचली, एक कणही वाहून गेला नाही असं धरलं, तरी किलोभर दगडाला ८,००० ते १०,००० लिटर पाणी हवं. अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, तसा एक अख्खा टँकर एका गारगोटीमागे रिता झाला म्हणायचा. आणि ही गारगोटी बसलेली कुठे असते? घट्ट काळ्या पाषाणाच्या पोटातल्या, चहूबाजूंनी बंद अशा पोकळीत. एवढं पाणी आत शिरलं कुठून, आपला ऐवज ठेवून बाहेर पडलं कुठून? दीडशे वर्षांहून जास्त काळ माणसं हे विचारत आहेत आणि सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

खान्देशात हा प्रश्न पायाखाली पडलेला असतो. नांगरटीनंतर पहिला पाऊस झाला की बांधाकडेला दुधी, तांबूस, मधाच्या रंगाच्या गारगोट्या धुऊन निघतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यांच्या खुणा धुळ्याच्या आसपास आजही उभ्या दिसतात. जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला लाव्हा आजूबाजूचा खडक झिजल्यावर भिंतीसारखा वर राहिला आहे. नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा २१० भित्ती संशोधकांनी नकाशावर मांडल्या आहेत. त्यातली साक्री-धुळे-पारोळा ही एकच भित्ती किमान ७९ किलोमीटर लांब आहे! लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात रिकाम्या खोल्या तयार झाल्या. पुढे कोट्यवधी वर्षं खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्या खोल्या भरल्या.

फुटलेला एक अकीक हातात घेऊन बाहेरून आत पाहत जा. सगळ्यात बाहेर हिरवट, नखाने खरवडली जाणारी साल असते. ते सेलॅडोनाइट, अभ्रकाच्या कुळातलं खनिज. मग धुरकट निळसर पट्टा, मग पांढरा, मग पुन्हा निळसर. प्रत्येक पट्टा पोकळीच्या भिंतीचा प्रत्येक कोपरा आणि खाच इमानाने गिरवत जातो. पट्ट्यांना काटकोनात, भिंतीकडून आतल्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारे क्वार्ट्झचे तंतू वाढलेले असतात. मधोमध पुष्कळदा एकदम साखरेसारखे स्फटिक चमकतात, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत दगडाने वाढण्याची रीतच बदलली. काही अकीकांत तळाशी आडव्या, सरळ, एकावर एक रेघा असतात. या रेघा मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतात, कारण तिथे सिलिका गुरुत्वाकर्षणाने खाली बसली आहे. अकीक घडला तेव्हा वर कुठे आणि खाली कुठे, हे त्या दगडाने स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. हिरव्या ‘शेवाळी’ अकीकात मात्र शेवाळाचा अंशही नसतो. ती नक्षी सेलॅडोनाइटसारखी हिरवी खनिजं आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडं मिळून काढतात.

हे पट्टे आले कसे? फोटोग्राफीच्या सामानाचा कारखाना असलेल्या घरातल्या राफाएल लीसेगांग या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८९६ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. थेंबाभोवती एकात एक वलयं आपोआप उमटली. अकीकही असाच सिलिकेच्या जेलमध्ये घडला असेल, असं त्याने मांडलं आणि १९१५ मध्ये अकीकावर पुस्तकच लिहिलं. जेल मानलं की टँकरभर पाण्याची अडचण बरीच हलकी होते, कारण दाट जेलमध्ये सिलिका कितीतरी जास्त मावते. पण मग भिंतीपासून शिस्तीत वाढलेले ते तंतू कसे समजवायचे? १९९५ मध्ये पीटर हीनी आणि अँड्र्यू डेव्हिस यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यांच्या आत त्याहून बारीक पट्टे आहेत आणि त्यांच्याही आत आणखी बारीक. लय तीच, फक्त माप उतरत जातं. तापमानाबद्दलही धक्काच बसला. लाव्हाच्या पोटातला दगड म्हणजे भट्टीतच घडला असणार, असं कुणालाही वाटेल. स्कॉटलंडच्या अकीकांतल्या ऑक्सिजनचे समस्थानिक मोजले तेव्हा आकडा आला सुमारे ५० अंश सेल्सियस. मे महिन्यातल्या जळगावपेक्षा फार जास्त नाही!

आता हा अभ्यास करणार कोण? अकीकातून ना तेल निघतं ना धातू, त्यामुळे मोठ्या पैशाची नजर इकडे वळत नाही. हे ओझं बऱ्याच अंशी पदरमोड करणाऱ्या माणसांनी उचललं आहे आणि मला याचं मनापासून अप्रूप वाटतं. इंग्लंडच्या टेरी मॉक्सन यांचंच पाहा. २००६ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन रीड यांच्याबरोबर त्यांनी १.३ कोटींपासून ३४८ कोटी वर्षांपर्यंतच्या खडकांतले अकीक तपासले. इलेक्ट्रॉनचा झोत पडल्यावर दगड जो प्रकाश देतो, त्याचा तो अभ्यास होता. शोधनिबंधावर मॉक्सन यांच्या नावाखाली विद्यापीठाचा नाही, घरचा पत्ता आहे. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून कळलं की अकीक घडून झाला तरी थांबत नाही. त्यातले क्वार्ट्झचे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचे असतात आणि ते हळूहळू वाढत राहतात. मोगॅनाइट हे क्वार्ट्झचं भावंड त्याच वेळी हळूहळू क्वार्ट्झ होत जातं. सुमारे ४० कोटी वर्षांपेक्षा जुन्या अकीकांत ते जवळपास उरतच नाही. नेहमीच्या शांत दगडाच्या आत हे एवढं चाललेलं असतं.

या अभ्यासाला लागणारा कच्चा माल हौशी संग्राहकांच्या खोक्यांतून येतो. तुकडा दळून भुकटी करावी लागते, आणि संग्रहालय आपला देखणा नमुना दळायला सहजी देत नाही. हौशी माणूस देतो. पण त्याने दिलेल्या दगडाचा पत्ता पक्का हवा. तो कोणत्या गावच्या कोणत्या खडकातून काढला हे ठाऊक असेल तरच त्या खडकाचं वय धरून काही मोजता येतं. नदीपात्रात मिळालेला सुंदर अकीक इथे उपयोगाचा नाही. तो कुठूनही वाहून आलेला असू शकतो.

इथेच खान्देशचं नुकसान होतं. जगभरच्या खनिजप्रेमींच्या कपाटांत ‘जळगाव’ अशी चिठ्ठी लावलेले स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट आणि कॅल्सेडनीचे (अकीक हा तिचाच पट्टेदार प्रकार) नमुने आहेत. सावद्याची केळी देशभर जातात, तसं सावद्याच्या खदानीतल्या खनिजांचं नाव संग्राहकांना पाठ आहे. पण हातोहात विकत जाताना ‘जळगाव’ म्हणजे उत्तर महाराष्ट्रातलं कुठलंही गाव असा अर्थ होऊन बसतो. बर्थोल्ड ओटेन्स या जर्मन संग्राहकाने दख्खनच्या खदानी आणि विहिरी पाहून प्रत्येक खनिज नक्की कुठलं याची नोंद लावली. २००३ मध्ये अमेरिकेच्या ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’मध्ये त्यांचा दख्खनच्या खनिजांवरचा मोठा लेख आला. २०१९ मध्ये तर विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांबरोबरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचंच होतं. पोकळ्या तीन मुख्य टप्प्यांत भरल्या आणि लाव्हा थंडावल्यानंतर कोट्यवधी वर्षांनीही नवी खनिजं घडत होती, हे त्यातून पुढे आलं. आपल्याकडे के. सी. पांडे यांनी आपल्या संग्रहातून सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय उभं केलं, ते एकदा तरी पाहावं असं आहे.

खान्देशात हे दगड पारखणारी माणसं फार पूर्वी होऊन गेली. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ च्या सुमारास उत्खनन केलं. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं, रेघांची नक्षी कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच तिथे मिळालं, म्हणून पाटणे प्रसिद्ध झालं. मला त्याच थरांतली दगडी पाती तितकीच मोलाची वाटतात. खालच्या, जुन्या थरांत जॅस्पर या अपारदर्शक गारगोटीचा भरणा आहे. वर येऊ तशी कॅल्सेडनी वाढत जाते. त्या माणसांनी गारगोट्या फोडून पाहिल्या असणार आणि कोणती धार धरते, कोणती ढलपी सरळ निघते हे पिढ्यानपिढ्या ध्यानात ठेवलं असणार.

आजच्या हौशी माणसाला विहिरीचं खोदकाम म्हणजे पर्वणी. (मालकाची परवानगी घेऊनच, आणि पाटण्यासारख्या पुरातत्त्वीय जागेवरून खडाही उचलू नये.) डबराच्या ढिगातला दगड घ्यायला हरकत नाही, पण खडकात अजून बसलेली गारगोटी दिसली तर हातोडी मारण्याआधी तिच्यावर मार्करने वरच्या दिशेला बाण आणि उत्तरेच्या बाजूला खूण काढावी. मग गाव, विहिरीची खोली, खडक काळा आणि घट्ट की फोडफोडांचा, वर किंवा खाली तांबड्या मातीचा थर आहे का, हे चिठ्ठीवर लिहून दगडाबरोबरच पिशवीत टाकावं. पुढे तो कापला आणि आत आडव्या रेघा निघाल्या, तर त्या बाणाशी काटकोन करतात का ते पाहता येईल. करत असतील तर गारगोटी घडल्यापासून तिथला खडक कललेला नाही. रेघा तिरक्या निघाल्या तर शेजारच्या विहिरीतली गारगोटीही कापून पाहायला हवी. तिच्यातल्या रेघाही त्याच बाजूला, तेवढ्याच तिरक्या असतील, तर गारगोट्या भरून झाल्यानंतर केव्हातरी तिथली जमीनच कलली होती.